शनिवारची नागपूर परिषद : सभासदांना आठवण

सर्व इंजिनियर, ड्राफ्ट्समन व ठेकेदार मंडळींना नमस्कार.

इमारत आराखड्याच्या सॉफ्टवेअरवरील परिषदेसाठी गाडी शनिवारी पहाटे 5.30 ला आर्वी बसस्थानकासमोरून सुटेल. साडेपाच म्हणजे साडेपाचच. मागच्या खेपेला एका भाऊंच्या आंघोळीपायी पहिलं सत्र बुडालं. गाडीभाडं गुरुवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावं.

पत्रिकेतला ‘बीम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) स्लॅबखालचा नव्हे. ते अख्ख्या इमारतीचं मॉडेल असतं. खिडकी एकदा सरकवली की प्लॅन, सेक्शन, तक्ता सगळीकडे सरकते. कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड 1982 मध्ये आलं, अन् आपण अजूनही प्रत्येक नकाशा वेगळा दुरुस्त करत बसतो.

स्टॉलवर पेन-पिशव्या गोळा करण्यापेक्षा प्रश्न विचारा. डेमोत नागपूरचं हवामान लावायला सांगा. पारा 45 च्या वर गेल्यावर पश्चिमेची भिंत किती तापते, छज्जा किती हवा, इको निवास संहितेप्रमाणे (घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली) गणित निघते का, हे समोर करून दाखवू द्या. काळ्या मातीतल्या पायाचं मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका, मातीच्या तपासणीचे आकडे आपल्यालाच भरावे लागतात.

खरेदीची घाई नको. रेव्हिट या बीम सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून ज्यांच्यासोबत काम करता त्यांची आवृत्ती आधी विचारा. आयएफसी फाईल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देण्या-घेण्याचा सामायिक प्रकार) नीट निघते का, तेही पाहा.

ओळखपत्र, चार्जर सोबत ठेवा. जेवण तिथंच आहे. तर्री-पोहे ज्याच्या त्याच्या खर्चाने.

– सचिव