विहिरी सरसकट बुजवल्या नव्हत्या

संपादक महोदय,

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या आरोग्य खात्याने लोकांच्या धर्मभावना पायदळी तुडवून सगळ्या विहिरी बुजवल्या, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. त्यात तथ्य अर्धेच आहे.

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसा तलावाचे १८९२ मध्ये नळाने शहरात आले, तरी घरांच्या आवारातल्या विहिरी वापरात राहिल्या. शहरातल्या हिवतापाचे मूळ या विहिरींत आणि टाक्यांत आहे, हे मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करणाऱ्या डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवले. इथला हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डास गटाराच्या वाटेला फारसा जात नाही. त्याला साठलेले, स्वच्छ पाणी लागते. त्यामुळे निगुतीने राखलेली विहीरही दोषी ठरे. मालकाला हे पटत नसे, यात नवल नाही.

विहीर तपासणे हे वाटते तितके सोपे काम नाही. या डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगतात, बहुधा कडेच्या दगडांजवळ. पाण्यावर सावली पडली किंवा पोहरा आपटला की त्या बुडी मारतात. म्हणून पोहरा हळू सोडायचा, कडेला तिरका करून वरचेच पाणी त्यात येऊ द्यायचे आणि पांढऱ्या भांड्यात ओतून थोडा वेळ पाहायचे. मधोमध पोहरा बुडवून ‘अळ्या नाहीत’ असा शेरा मारणारी तपासणी कागदापुरतीच. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा फेरी आठवड्याला हवी. महिन्याच्या फेरीला अर्थ नाही. पिण्याच्या विहिरीत घासलेट ओतता येत नाही, मग उरतात अळ्या खाणारे मासे किंवा झाकण.

पारशी, हिंदू, जैन अशा अनेकांनी विहिरी बंद करण्यास हरकत घेतली. त्यातूनच झाकणात बारीक जाळीचे दार ठेवून पाणी काढू देण्याची तडजोड निघाली. चर्चगेटची १७२५ ची भिका बेहराम विहीर तर आजही आहे.

झाकण मात्र बसवले म्हणजे काम झाले, असे नसते. लाकडी फळ्या उन्हाळ्यात आकसतात आणि बोटभर फट डासाला दिंडीदरवाजाच. पंपाच्या नळाभोवतीचा सांधा गिलाव्याने भरायचा राहून जातो. खाऱ्या हवेत लोखंडी जाळी गंजून भोके पडतात. तांब्याची किंवा पितळी हवी, इंचाला निदान सोळा तारांची. सर्वांत जास्त घोटाळा पाणी भरून झाल्यावर दार उघडेच टाकल्याने होतो, त्यावर नोटिशीचा इलाज चालत नाही. दार आपल्या वजनाने मिटेल असेच बसवावे लागते.

जुन्या विहिरी पुन्हा उघडा, अशी मागणी करणाऱ्यांनी गाळ काढण्याच्या खर्चाबरोबर असे दार, जाळी आणि दर आठवड्याच्या तपासणीचा खर्चही मांडावा.

– एक वाचक, मुंबई