आई-बाबा, चर्चवाल्यांबरोबर मी घरं बांधायला का जाते

अटलांटा, जॉर्जिया

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई, तू विचारलंस, "चर्चवाल्यांबरोबर कशाला जातेस गं? हळूहळू आपल्यात ओढतात म्हणे ते." मागून बाबांचा आवाज आला, "अमेरिकेत सुतार मिळत नाहीत का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर मला मनापासून द्यायचंय. फोनवर ते जमलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझं, आई. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मेथडिस्ट (म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चचा गट दर उन्हाळ्यात आठवडाभरासाठी दक्षिण जॉर्जियात जातो. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये कॉटवर झोपायचं, पहाटे उठायचं आणि उन्हं चढायच्या आत बांधकामावर हजर व्हायचं. काम सुरू करण्याआधी सगळे गोल उभे राहतात, एक जण छोटीशी प्रार्थना म्हणतो. मी हात जोडून उभी राहते, मनात आपल्या देवाचं नाव घेते. आजवर कुणी मला, तुझा धर्म कुठला, तू चर्चला येशील का, असं विचारलेलं नाही. आम्ही काम करतो ते गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेचं. संस्था ख्रिस्ती श्रद्धेतून उभी राहिली आणि ते ती लपवत नाही. पण घर देताना धर्म पाहायचा नाही आणि मदतीच्या आडून प्रचार करायचा नाही, हा तिचा नियमच आहे. जेवणाच्या ताटाबरोबर प्रवचन वाढणारे गटही जगात आहेत. तसल्यांबरोबर मी जाणार नाही, याची खात्री बाळग.

घराचा सांगाडा उभा राहिला की वरून पांढरे बोर्ड ठोकण्याआधी आतल्या लाकडांवर काहीतरी लिहायची पद्धत आहे. चर्चची माणसं बायबलमधली वचनं लिहितात, मुलं चित्रं काढतात, घरमालकीण मुलांची नावं लिहिते. मला मार्कर दिला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या वाशावर देवनागरीत '॥ श्री ॥' लिहिलं, तू पत्राच्या माथ्यावर लिहायचीस तसं. घरमालकिणीने विचारलं हे काय, मी म्हटलं, आमच्याकडे चांगल्या कामाची सुरुवात अशी करतात. ती म्हणाली, मग दाराजवळ पण लिही. आता ते दोन्ही बोर्डाच्या आत आहेत, कुणाला दिसणार नाहीत. पण आहेत.

ही संस्था निघाली कशी, ते बाबांना आवडेल म्हणून सांगते. इथून गाडीने अडीच तासांवर अमेरिकस नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन नावाच्या माणसाने 'कॉयनोनिया' नावाची शेती सुरू केली. शेतीची पदवी आणि वर बायबलच्या मूळ ग्रीकचा गाढा अभ्यास, असा माणूस. गोरे आणि काळे एकाच शेतात राबतील, सारखीच मजुरी घेतील आणि एकाच टेबलावर जेवतील, एवढंच त्याचं म्हणणं. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात एवढंसुद्धा कुणाला खपलं नाही. १९५० च्या दशकात गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांना बी-बियाणं मिळेना, त्यांचा माल कुणी घेईना. रस्त्याकडेच्या त्यांच्या दुकानावर बॉम्ब टाकले, घरांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा त्यांनी पिकान नावाचा इथला सुका मेवा टपालाने देशभर विकायला सुरुवात केली आणि तग धरला. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या मातीला कुणी शिकवायला नको, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते. ती शेती आजही चालू आहे. पुढच्या खेपेला पिकान तिथूनच आणून पाठवते.

याच शेतावर मिलर्ड फुलर आणि लिंडा फुलर हे जोडपं आलं. मिलर्ड अलाबामातला वकील, तिशीच्या आतच लक्षाधीश झालेला. पैशामागे धावता धावता संसार मोडायला आला, तेव्हा दोघांनी सगळं विकलं, पैसा वाटून टाकला आणि नव्याने सुरुवात केली. जॉर्डनबरोबर त्यांनी जी योजना आखली ती साधी होती. गरजू कुटुंबाला घर बांधून द्यायचं, त्यावर नफा घ्यायचा नाही, कर्जावर व्याज घ्यायचं नाही आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढचं घर बांधायचं. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये असं बायबलमध्येच सांगितलंय, हा त्याचा आधार. जॉर्डन १९६९ मध्ये गेला. फुलर जोडप्याने आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) राहून ही पद्धत करून पाहिली आणि परत आल्यावर १९७६ मध्ये हॅबिटॅट सुरू केलं.

म्हणजे हे घर फुकट मिळत नाही. तुम्हाला खरं तर हेच सांगायचं होतं. आम्ही ज्या बाईंच्या घरावर काम करतोय त्या वृद्धाश्रमात मदतनीस आहेत, दोन मुलं आहेत. इतकी वर्षं भाड्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहिल्या, भिंतींना बुरशी, धाकट्याला दमा. त्यांना स्वतःच्या घरावर आणि आधी दुसऱ्यांच्या घरांवरही काही शे तास अंगमेहनत करावी लागली आहे. रात्रपाळी करून सकाळी बांधकामावर आलेलं मी त्यांना पाहिलंय. मग दर महिन्याला हप्ता, तोही मिळकतीच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत बसेल असा. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या, हाउसिंग बोर्डाच्या आपल्या घराच्या हप्त्याच्या पावत्या बाबांनी पत्र्याच्या पेटीत तारखेवार लावून ठेवल्या होत्या. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी पेढे आणले आणि शेजारी वाटताना तू प्रत्येकीला सांगत होतीस, "आता बोर्डाचं काही देणं नाही." कुणी ते घर दान म्हणून दिलं असतं तर तू तसं सांगितलं असतंस का, आई? त्या बाईही एक दिवस तसंच सांगतील. त्यांच्या आणि माझ्या श्रद्धेत जे काही अंतर असेल ते असो, त्यांनी ताठ मानेने हप्ता भरावा यासाठी भर उन्हात घाम गाळणं मला देवाचंच काम वाटतं.

आता विक्रोळीची गोष्ट. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष होते हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांचं गाव प्लेन्स, अमेरिकसच्या अगदी शेजारी. त्यांच्या आई लिलियन कार्टर नर्स होत्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, 'पीस कोअर' या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून त्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि कुठे राहिल्या माहीत आहे? विक्रोळीला, गोदरेज कॉलनीत. तिथल्या दवाखान्यात त्या काम करत, १९६८ पर्यंत होत्या. बाबा, तुम्ही विक्रोळीला कामाला लागण्याआधीची ही गोष्ट. पण टूलरूममधल्या तुमच्या वरच्या मंडळींनी त्यांना पाहिलं असणार. कुणी भेटलं तर नक्की विचारा. लिलियनबाईंचा जन्म १८९८ सालचा, तोही १५ ऑगस्टचा!

कार्टर स्वतः १९८४ पासून हॅबिटॅटच्या घरांवर दरवर्षी राबत. न्यूयॉर्कला पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी ते इतरांबरोबर बसने गेले होते, तिथून हे सुरू झालं. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याजवळ शंभर घरं बांधायला पत्नी रोझलिनसह ते आले होते. देशोदेशीचे लोक होते, आपलेही खूप होते. २०१९ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे असताना, घरी पडून कपाळाला टाके पडले, तरी दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला डोळा काळानिळा घेऊन कामावर हजर. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते वारले. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचं मोठेपण किती, यावर लोकांनी वाद घालावा. माझ्या लेखी या कामातलं त्यांचं मोठेपण पुरेसं आहे.

बाबा, आता तुमचा प्रश्न, कारण लोणावळ्याचं सांगितलं की तुम्ही म्हणणार, "लोणावळ्याला गवंडी नव्हते का?" होते. आणि हा प्रश्न मी गटातही मांडला. चर्चचे पुष्कळ गट विमानाने परदेशी जातात, आठवडाभर भिंती रंगवतात, फोटो काढतात आणि परत येतात. दहा माणसांच्या तिकिटांच्या पैशात तिथल्याच गवंड्यांना, बिगाऱ्यांना कित्येक महिने मजुरी मिळाली असती आणि घरंही जास्त पक्की झाली असती. आपल्याकडे मजुरी स्वस्त, जागा आणि सामान महाग. तिथे हात पाठवून काय उपयोग? पैसे पाठवावेत. इथे उलट आहे. इथे सुताराचा तासाचा दर गरीब माणसाला परवडत नाही, म्हणून फुकट राबणाऱ्या हातांनी घराची किंमत खरोखर खाली येते. म्हणून मी ठरवलंय, जिथे गाडीने जाता येईल तिथेच जायचं. एका वर्षी परदेशातल्या कामाला मी नाही म्हटलं आणि माझ्या वाट्याचा खर्च तिथल्या कामाला दिला. लोणावळ्याचं मात्र मला वेगळं वाटतं. त्या निमित्ताने साऱ्या जगाच्या बातम्यांत आपल्या मावळातल्या बेघर माणसाचा विषय आला, आणि तो एरवी पुण्या-मुंबईच्या पेपरातही येत नाही.

कामाचं सांगते, तुम्हाला रस आहे म्हणून. इथे भिंत आधी जमिनीवर आडवी बनवतात. कोब्यावर सूत मारून रेघ पाडायची, वरखाली दोन लांब पाट ठेवायचे आणि मध्ये उभे वासे, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर सोळा इंच. गुण्या लावून कोपरे तपासायचे, खिळे मारायचे. मग आठ-दहा जण एका रांगेत वाकून, कुणीतरी तीन म्हटलं की एकदम उचलायची. ती भिंत हळूहळू उभी होताना सगळ्यांच्या मनगटांत जी थरथर येते, ती सांगून कळायची नाही. लगेच पाणसळ लावून एक जण ओरडतो, "डावीकडे, अजून, बस्स!", आणि तिरका टेकू ठोकतात. बाहेरून प्लास्टिकच्या लांब पट्ट्या लावतात. त्यात गंमत अशी की खिळा खाचेच्या बरोबर मध्यावर मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकू द्यायचं नाही, नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. उन्हाने पट्टी लांबते. घट्ट ठोकली तर फुगून वाकडी होते. हे मला शिकवलं एका निवृत्त मेकॅनिकने. तो आणि त्याची बायको घरासारखी गाडी घेऊन देशभर फिरतात आणि जिथे हॅबिटॅटचं काम असेल तिथे काही दिवस थांबून राबतात. अशा जोडप्यांचा वेगळा गटच आहे. त्याचे हात पाहिले आणि बाबा, तुमचीच आठवण झाली.

तुमच्या नातवाला, ईशानलाही, सोबत नेते. सोळा वर्षांच्या आतल्यांना बांधकामावर घेत नाहीत, म्हणून तो चर्चच्या स्वयंपाकघरात सँडविच भरतो आणि दुपारी पाण्याचे डबे वाटतो. त्याने कधी सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं की त्याला ते आवडतं, कारण परत येताना गाडीत तो फोन काढत नाही.

एप्रिलमध्ये तुम्ही येताय, त्याच सुमारास त्या बाईंना घराची चावी द्यायचा कार्यक्रम आहे. शनिवारी सकाळी. पाद्री थोडं बोलतात, चावी देतात, बरोबर बायबल देतात. आपल्या वास्तुशांतीसारखंच समज, आई. तुम्ही दोघांनी यावं असं मला फार वाटतं. संकोच करू नका, मी सोबत आहे, आणि कुणी काही म्हणायला लावणार नाही. बाबांच्या गुडघ्यांमुळे शिडीवर चढणं नाही, हे मी आधीच सांगून ठेवलंय. पण शेजारच्या प्लॉटवर पुढच्या घराचं काम सुरू असेल. टेबलाशी बसून मापं आखायला माणूस हवाच असतो, आणि बाबांच्या हाताची रेघ अजून सरळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दोन महिन्यांच्या मोजून आणा, इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत.

आणि आई, एक काम. तू लोकरीचं तोरण विणतेस ना, तसं एक त्या घरासाठी हवंय. त्यांच्या मुख्य दाराची रुंदी तीन फूट आहे, त्या मापाने कर, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त. रंग कोणता आवडेल ते येत्या शनिवारी त्यांना विचारून कळवते.

तुमची,
मेधा