शपथ नको, वही द्या

मा. संपादक,
स. न.

शाळेत मुलांना रांगेत उभं करून मोबाईल सोडण्याची शपथ दिल्याच्या बातम्या आपल्या अंकात हल्ली वरचेवर येतात. मी अमळनेरला समुपदेशन करते. अशी शपथ घेतलेली मुलंही माझ्याकडे आणली जातात. फरक एवढाच, की फोन लपवण्यात ती आता तरबेज झालेली असतात.

“ताई, पोऱ्या मोबाईल सोडतच नही,” म्हणत एक आई पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला घेऊन आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). फोन एकदा फोडून झाला होता. पण भरतीचं हॉलतिकीट, क्लासच्या नोट्स, मैदानाची वेळ, सगळं फोनवरच येतं. मग नवा घेणं आलंच, तोही हप्त्यावर.

मी त्याला साधी वही दिली. फोन उचलला की वेळ लिहायची, कुठे बसला होतास ते, आणि उचलण्याआधी काय चाललं होतं ते. आठवड्याने वही उघडली तर अभ्यासिकेतल्या बहुतेक नोंदींआधी एकच गोष्ट होती: गणिताचा सराव पेपर चुकलेला. रात्रीच्या नोंदी वेगळ्या. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की वडील कपाशीला पाणी द्यायला जात, आई झोपलेली, आणि रील्स दोन वाजेपर्यंत. म्हणजे दुखणं दोन जागी होतं आणि घरचे तिसरीकडेच मलम लावत होते.

गणितासाठी क्लासमधला एक मित्र जोडीला दिला. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पहाटे धावायला उठायचं तर अलार्म फोनमध्येच, ही त्याची सबब. बाजारातून गजराचं घड्याळ आणवलं. आठवड्यातून एक-दोनदा तो वडिलांबरोबर पाण्यालाही जाऊ लागला. वडिलांना जेवताना फोन बाजूला ठेवायला सांगितलं तर म्हणाले, भाव पाहावा लागतो. कापसाचा भाव भाकरी संपेपर्यंत काही पळून जात नाही! गणपतीत मुलाची गाडी पुन्हा घसरली. तेव्हाही वहीच उघडली, ओरडा नाही.

प्रत्येक फोनवेडं पोर आजारी नसतं, हेही आपण छापावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, रील्सचा नाही. तोही केव्हा म्हणायचा? खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसूनही खेळणं थांबत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललं, तर. मात्र झोप उडाली, पोर खोलीबाहेर येईना, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर वही बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन गेमवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, पण त्यात झालेली उधारी घरी सांगायची कशी, या धास्तीने गप्प बसलेली तरुण मुलं आजही येतात.

बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मोबाईलच्या या त्रासासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पारोळ्या-चोपड्याहून तिथवर कोण जाणार? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. पुढच्या शपथविधीच्या फोटोची जागा थोडी कमी करून हा क्रमांक ठळक चौकटीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक समुपदेशक, अमळनेर (जि. जळगाव)