साहेब, कूस दर दोन तासांनी बदलायची असते

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : दहा तासांची ड्युटी आणि घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील

महोदय,

सप्रेम नमस्कार.

३ सप्टेंबर २०२५ला मंत्रिमंडळाने वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानांत आणि आस्थापनांत रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४वर नेली. कारखान्यांसाठी तर बारा तासांपर्यंत मोकळीक. गुंतवणूक येईल, रोजगार वाढतील, कामगाराच्या हातात चार पैसे जास्त पडतील, असं सांगितलं गेलं. पडोत बापडे. या पत्रात फक्त त्या एका वाढीव तासाचा हिशेब मांडायचा आहे. आपल्या खात्यात तो कुणी मांडला असावा असं वाटत नाही.

मुंबईत अंथरुणावरच्या माणसाला सांभाळायला नर्सिंग ब्यूरोची बाई मिळते. तिची ड्युटी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. कल्याणहून सीएसएमटीला किंवा विरारहून चर्चगेटला येणाऱ्या माणसाचे घरापासून खुर्चीपर्यंत जायला दीड तास आणि यायला दीड तास धरा. मधली सुट्टी अर्धा तास. जुन्या नऊ तासांतच बेरीज साडेबारा होत होती. म्हणजे आधीच अर्धा तास शेजारच्या काकूंकडून उसना घ्यावा लागत होता. आता साडेतेरा. दीड तास रोज उसना कोण देणार? बाई आठला चप्पल घालते, कारण तिलाही मुलं आहेत आणि तिलाही लोकल पकडायची असते. तिला थांबवलं तर ओव्हरटाइम आपण द्यायचा, चोवीस तासांची ठेवली तर खर्च आणखी चढतो. दिवसाला हजाराच्या आसपास, महिन्याला तीस हजार, आणि ही न शिकलेल्या बाईची गोष्ट झाली. नर्सिंग शिकलेली हवी असेल तर आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. या शहरात किती जणांचा हातात येणारा पगार तीस हजार असतो, ते आपल्या खात्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता घरात काय चालतं ते सांगते, कारण फायलीत ते कुठेच नसतं.

लकवा झालेल्या किंवा हालचाल बंद झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. दिवसातून बारा वेळा. सरळ कुशीवर टाकायचं नाही, त्याने खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांत कलतं ठेवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, आणि पोटरीखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. सरकवताना ओढायचं नाही. खाली ड्रॉशीट, म्हणजे दुमडलेली आडवी चादर, घालून दोघांनी उचलायचं, एकट्याने ओढलं की कातडी सोलवटते. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर रोज बघायचं. लाल ठिपका दिसला तर बोटाने दाबायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला ऊब किंवा कडकपणा लागतो का ते बघायचं. एअर बेड मदत करतो, पण कूस बदलत नाही. शिवाय त्याचा पंप विजेवर. वीज गेली की बेड हळूहळू बसतो.

त्यात नाकातून नळी असेल तर पुढची पायरी. एका वेळी साधारण दोनशे मिली पातळ खाणं, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, आपल्या वजनाने उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं. आधी आणि नंतर तीस मिली पाणी. गोळ्या बारीक कुटून वेगळ्या द्यायच्या, खाण्यात मिसळायच्या नाहीत, नाहीतर नळी तुंबते आणि ती बदलायला नर्स बोलवावी लागते. आणि महत्त्वाचं म्हणजे डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर, खाणं संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच. सव्वाआठची लोकल चुकेल म्हणून वीस मिनिटांत पाठ टेकवली की खाल्लेलं वर येतं, श्वासनलिकेत जातं. मग न्यूमोनिया, मग आयसीयू. आयसीयूच्या कागदावर कारण 'ॲस्पिरेशन' असं लिहितात. लोकलचं टाइमटेबल कुणी लिहीत नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकवायची, पण जमिनीला टेकता कामा नये. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठरल्या मुदतीला बदलायचा. लघवी गढूळ झाली, वास आला, ताप आला, किंवा म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं, तर आधी इन्फेक्शनची शंका घ्यायची, वयाची नाही. हे आम्ही कुठे शिकलो? डिस्चार्जच्या दिवशी, वॉर्डाच्या दारात, पाच मिनिटांत, सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे वळता वळता. साहेब, आपलं खातं कामगाराला क्रेन चालवण्याआधी ट्रेनिंग सक्तीचं करतं. जिवंत माणसाच्या पोटात जाणारी नळी सांभाळायला मात्र व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ पुरे.

आता रजा. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. त्याही तिमाहीला दोन-दोन अशा जमा होतात आणि वर्ष संपलं की गळून जातात. वीस दिवस काम केलं की एक हक्काची रजा. आता डायलिसिसकडे बघा. आठवड्यातून तीन वेळा, वर्षाला १५६. प्रत्येक वेळी मशीनवर चार तास, सुई काढल्यावर हात दाबून बसायची दहा-पंधरा मिनिटं, जाणं-येणं धरून सहा तास. आठ विरुद्ध १५६. रेडिएशन असेल तर आठवड्याचे पाच दिवस, पाच ते सात आठवडे. आणि केमोचं चक्र बहुधा एकवीस दिवसांचं असतं म्हणून एक दिवसाची रजा टाकून माणूस निर्धास्त होतो, तीच चूक. पांढऱ्या पेशी कमी होतात त्या केमोच्या दिवशी नव्हे, त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत. त्या काळात ताप १००.४ला गेला तर रात्र काढायची नसते, तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. रजा दहाव्या दिवशी लागते, अर्ज मात्र 'किमान तीन दिवस आधी' मागतात. ताप अर्ज करून येत नाही.

या आजारांना पूर्ण दिवसाची रजा बहुतेक वेळा लागतही नाही, हे एचआरला कधी पटत नाही. लागतात दोन तास. सकाळी रक्त द्यायला, दुपारी रिपोर्ट दाखवायला, डायलिसिसला सोडून यायला. पण आमच्याकडे तीन लेट मार्क म्हणजे हाफ डे, आणि दोन तासांसाठी अख्खी रजा. तासांच्या हिशेबाने रजा तोडून घेता आली असती तर त्याच आठ दिवसांत छत्तीस वेळा दोन तास निघाले असते, तेही जुन्या नऊ तासांच्या दिवसाने. सरकारला एक पैसा खर्च नाही. कायद्यात एक ओळ. हे आपण दहा तासांच्या दुरुस्तीतच घालू शकला असता.

कुणी म्हणेल, आठवड्याची मर्यादा तर ४८ तासच आहे, रोज दहा तास भरा आणि एक दिवस जास्त सुट्टी घ्या. कागदावर छान आहे. डायलिसिसवाल्यांचा एखादा वार खरंच सुटला असता, ते कबूल. पण पाच दिवसांचा आठवडा कुणी लिहून दिलाय? तास वाढवायला कायदा, सुट्टी वाढवायला मालकाची मर्जी. आणि पाठीवरची जखम साप्ताहिक सुट्टी घेत नाही. सोमवार ते शुक्रवार आठ-आठ तास एकाच कुशीवर ठेवून शनिवारी अठ्ठेचाळीस वेळा कूस बदलता येत नाही.

राहता राहिली संमती. ओव्हरटाइम म्हणे कामगाराच्या संमतीने. ज्याच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, ज्याच्या डोक्यावर ब्यूरोचं ॲडव्हान्स आणि हॉस्पिटलचं कर्ज आहे, त्याची संमती म्हणजे काय असते हे आपल्याला कळत नसेल असं आम्ही मानत नाही.

आणि आता कायद्यातली गंमत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७चा कायदा सांगतो की ज्येष्ठाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. योग्यच आहे. पण सांभाळलं तर? सांभाळायला एक दिवसाचीही हक्काची रजा नाही. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी अख्ख्या नोकरीत ७३० दिवस आहेत, खासगीतही बाळंतपणाला २६ आठवडे आहेत, आणि ते असायलाच हवेत. जन्माला येणाऱ्याची दखल आहे, जाणाऱ्याची नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) एकवीस हजारांपर्यंत पगारवाल्या कामगाराच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात, पण आजारपणाचा भत्ता, वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के, तो कामगार स्वतः आजारी पडला तरच. म्हणून मग लोक काय करतात? आईच्या ऑपरेशनला स्वतःच्या नावाने 'व्हायरल फिव्हर'चं सर्टिफिकेट आणतात. खोटं बोलल्याशिवाय कर्तव्य करता येऊ नये, अशी ही व्यवस्था. २१ नोव्हेंबर २०२५ला २९ कायदे मोडून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा वाटलं होतं की एवढ्या मोळीत आमच्यासाठी एखादी काडी असेल. नाही.

आपण केंद्राकडे बोट दाखवाल, केंद्र राज्याकडे, आरोग्य खातं कामगार खात्याकडे. तोवर आयकराकडे जाऊन येऊ. जुन्या पद्धतीत ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याला-औषधाला पन्नास हजारांपर्यंत आणि ठरावीक गंभीर आजारांना एक लाखापर्यंत वजावट आहे. नव्या पद्धतीत दोन्ही गायब. सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं कार्ड आहे, पाच लाखांचं, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. भरती पाच दिवस, अंथरूण पाच वर्षं. त्या पाच वर्षांतले डायपर, अंडरपॅड, नळ्या, बाई, सगळं खिशातून. १०८ला फोन करा, ॲम्ब्युलन्स इमर्जन्सीला येते आणि तिचे उपकारच आहेत. पण चौथ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून माणसाला खुर्चीत बसवून खाली आणायचं, डायलिसिसला न्यायचं आणि परत वर चढवायचं, हे तिचं काम नाही. ते दोन हमाल आणि खासगी गाडीचं काम, आठवड्यातून तीन वेळा. विम्याचं म्हणाल तर डिस्चार्जला तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. तरी सकाळी नऊला 'आज सोडतो' म्हटलेला पेशंट संध्याकाळी पाचला खाली येतो, आणि नोकरदाराची एक रजा बिलाच्या खिडकीपाशी उभी राहून संपते.

शेवटी नोकरी कोण सोडतं? जिचा पगार कमी ती. मुलगी, नाहीतर सून. मग तिला आपण लाडकी म्हणता आणि महिन्याला पंधराशे देता. एकवीसशे म्हणाला होतात, ते जाऊ दे. पंधराशेत ब्यूरोची चोवीस तासांची बाई दीड दिवस येते. उरलेले साडेअठ्ठावीस दिवस लाडकी बहीण स्वतः करते, फुकट, आणि आपल्या आकडेवारीत ती 'कामावर नसलेली' म्हणून मोजली जाते.

जगात कुठे असं असतं का, असं विचारू नका. जपानमध्ये घरच्या एका माणसामागे ९३ दिवस, तीन तुकड्यांत घेता येतात, आणि त्या काळात पगाराचा मोठा भाग विम्यातून मिळतो. जपान लांब असेल तर केरळ घ्या. २००८पासून त्यांचं पॅलिएटिव्ह, म्हणजे बरं न होणाऱ्याचा त्रास कमी करण्याच्या काळजीचं, धोरण आहे, पंचायतीच्या पातळीवर नर्स घरी येते, जखम बघते, कॅथेटर बदलते. अंथरुणावरच्याला सांभाळणाऱ्याला महिन्याला सहाशे रुपये देतात. सहाशेत काही होत नाही, पण त्या माणसाचं नाव सरकारच्या एका यादीत तरी आहे. आमचं शेजारच्या मेडिकलवाल्याच्या उधारीच्या वहीत आहे.

मागण्या फार नाहीत. गंभीर आजारी आईवडिलांसाठी, सासू-सासऱ्यांसकट, वर्षाला दहा दिवस पगारी रजा, तासांत तोडता येईल अशी, आणि अर्ज नंतर चालेल अशी. ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याला दहाव्या तासाला आणि ओव्हरटाइमला नाही म्हणायचा लेखी हक्क, सरकारी डॉक्टरच्या एका दाखल्यावर. किरकोळ रजा जानेवारीतच आठच्या आठ जमा. ब्यूरोंची नोंदणी, म्हणजे बाई अचानक आली नाही तर बदली किती तासांत द्यायची आणि ॲडव्हान्स केव्हा परत करायचं, हे कुठेतरी छापलेलं असेल, आणि त्या बाईलाही किमान वेतन आणि साप्ताहिक सुट्टी मिळेल. तीही कामगारच आहे, साहेब, आपल्याच खात्याची, आणि तिचीही आई कुठेतरी गावाला एकटी असते.

उत्तर पाठवणार असाल तर रात्री साडेदहानंतर पाठवा. दहाची कूस बदलून, पिशवी रिकामी करून झालेली असते. बाराच्या आत वाचून होईल.

कळावे,
ब्यूरोची बाई आठला गेल्यावर साडेनऊला घरी पोचणाऱ्यांपैकी एक