काका, तुम्ही खुर्ची फिरवलीत

काका,

पत्र वगैरे बघून तुम्ही हसाल. खरं तर समोर बसून बोलायला हवं, पण रंगपटात रंग लावताना तुम्ही कोणाला तोंड उघडू देत नाही. ओठ हलले की भुवईची रेघ वाकडी जाते. म्हणून अकरा वर्षं तिसऱ्या आरशासमोर बसलो, चेहरा तुमच्या हातात दिला आणि गप्प राहिलो. हे असं चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की वडील गेल्यानंतरच्या त्या दहा दिवसांत ज्यांनी ज्यांनी मला शहाणपण शिकवलं, ते सगळे चारचौघांतच बोलले. तुम्ही जे केलंत ते कोणाला दिसलंसुद्धा नाही.

अण्णा गेले त्या रात्री घराबाहेरचा पहिला फोन आला तो निर्मात्यांचा. सांत्वन दोन वाक्यांत उरकलं. तिसरं वाक्य होतं, ‘केस नाही ना काढणार?’ दहाव्याच्याच रात्री साडेआठचा प्रयोग लागलेला, बुकिंग जोरात. माझी भूमिका लग्नाळू प्राध्यापकाची, आणि कपाळावर येणारी झुलपं हे त्या माणसाचं अर्धं व्यक्तिमत्त्व. मी म्हटलं, बघू. तर म्हणाले, ‘अरे, तू तर देवबिव मानत नाहीस. मग केस कशाला?’

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न तसा बरोबरच होता, म्हणून जास्त लागला.

आमचे अण्णा माळकरी. आषाढीला पाय सुजवून घेऊन यायचे आणि त्या सुजेचंही कौतुक सांगायचे. मी कॉलेजात नाटकात शिरलो आणि घरी आल्या आल्या पहिली लढाई देवघराशी काढली. डॉ. श्रीराम लागूंचं ‘देवाला रिटायर करा’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘करू. पेन्शन कोण देणार?’

देवघरात तुकारामांची तसबीर होती. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधल्या विष्णुपंत पागनिसांचाच चेहरा. मी शोध लावल्यासारखा ओरडलो होतो, अण्णा, हा नट आहे! हा आधी नाटकात बायकांची कामं करायचा! ‘असू दे की,’ अण्णा म्हणाले, ‘तुकोबा कुठे फोटो काढून गेलेत? कोणाच्या तरी तोंडावर त्यांना यावंच लागणार.’ पुढे कुठेतरी वाचलं, की त्या सिनेमानंतर लोक पागनिसांच्या पाया पडायचे आणि १९४३ साली जाईपर्यंत ते बरेचसे तुकारामच होऊन राहिले. मी हे हसून सांगितलं. अण्णा हसले नाहीत. माझं नाटक बघायला ते मोजून दोनदा आले, पण आपला मुलगा काय करतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बालगंधर्व आले. ते येणारच होते. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांचीच, लहानगी मुलगी गेलेली, तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. ही हकिगत आमच्या धंद्यात प्रत्येक नटाला एकदा तरी ऐकवतात, आणि नेमकी त्याच्या घरी सुतक असताना. खाली हात जोडलेले चार इमोजी. नारायणरावांनी ते स्वतः ठरवलं होतं असं सांगतात. त्यांना कोणी मेसेज पाठवला नव्हता.

मला त्या हकिगतीत नेहमी एक माणूस कमी वाटत आलाय, काका. त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्याला रंग कोणी लावला? काजळ घालताना त्याचा हात अडखळला असेल का? ओल्या पापणीवर काजळ टिकत नाही, मग तो किती वेळ थांबला असेल? की त्यांनी स्वतःच लावला, आरशात बघून? हे मात्र मला कोणी कधी ऐकवलं नाही.

आणखी एक जण भेटायला आला. अभिनयाच्या कार्यशाळा घेतो. जाताना दारात हळूच म्हणाला, ‘हे सगळं साठवून ठेव. पुढे कामाला येईल.’ त्याच्यावर मी मनातून जाम उखडलो. पण खरं सांगू? साठवणं आधीच सुरू झालं होतं. स्मशानात थोरला भाऊ खांद्यावर मडकं घेऊन फिरत होता, त्याचा खालचा ओठ एका बाजूनं थरथरत होता, आणि माझ्या डोक्यात बसलेला नट म्हणाला, ‘एकाच बाजूनं. लक्षात ठेव.’ माझा बाप समोर लाकडांवर होता, काका. त्या दिवसानंतर घरातल्या आरशात बघणं मी सोडून दिलं. दाढीसुद्धा नळावर चाचपडत करायचो. रडू आलं की रडण्याआधी आपण कसे दिसतोय याचा अंदाज घ्यायची ही जी सवय आहे ना, तिची किळस आली होती.

दहाव्याला नदीवर केस काढले. देव मानत नसतानाही काढले. न्हाव्यानं पाणी लावलं तेव्हा थंड वाटलं, एवढंच आठवतंय. नंतर पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. भावानं ‘आईला सांभाळू’ म्हणून झालं, बहिणीच्या लग्नाचं झालं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी आई पुढे झाली आणि अण्णांना म्हणाली, ‘अहो, याचा रात्री प्रयोग आहे.’ कावळा आला. मी योगायोग म्हणतो. आई काहीच म्हणत नाही.

संध्याकाळी थिएटरवर पोचलो तर मॅनेजर दारातच. डोक्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. निर्माते आत होतेच. ‘तुझ्या एकट्याचं आहे का हे? पडदेवाल्या पोरांची नाइट, प्रयोगाचे पैसे, गेली असती, या काकांची गेली असती,’ असं त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवून म्हटलं. तुम्ही गाठोडं सोडत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘माझ्या नाइटचं मधे घालू नका.’ अकरा वर्षांत तुमचा चढा आवाज मी ऐकला नव्हता. तो तेव्हाही चढला नाही, तरी निर्माते बाहेर गेले. गाठोड्यातून टोप निघाला. माझ्या झुलपांसारखाच, भांगसुद्धा डावीकडचा. मॅनेजरना आश्चर्य वाटलं, ‘तुम्हाला कोणी कळवलं?’

‘बाप गेलाय ना त्याचा,’ तुम्ही म्हणालात.

मी खुर्चीत बसायला गेलो. आरशाभोवतीचे दिवे नेहमीसारखे सगळे लागलेले होते. आणि तुम्ही, कोणाला न सांगता, दोन्ही हातांनी खुर्ची उचलून उलटी ठेवलीत. आरशाकडे पाठ, भिंतीकडे तोंड. दिव्यांचा उजेड मागून यायला लागला, म्हणून एक बल्ब वायरनं ओढून पुढे खुंटीला अडकवलात. मग ‘बस’ म्हणालात.

बास. एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ते तुम्हाला कसं सुचलं हे मी अजून विचारलेलं नाही. कदाचित तुम्हाला वाटलं असेल, गोटा केलेलं डोकं बघून पोराला वाईट वाटेल. कदाचित याहून जास्त काही कळलं असेल. पण समोर भिंत होती, तिच्यावर कुठल्यातरी जुन्या दौऱ्याच्या तारखा पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या, आणि त्या भिंतीला मी कसा दिसतोय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दहा दिवसांत पहिल्यांदा मी रडलो आणि माझं मलाच दिसलं नाही. डोक्यातला नट जागेवर नव्हता. गेला असेल चहाला.

तुम्ही थांबलात. टोपाच्या आत मलमलीची मऊ टोपी शिवून घेतली होतीत, वस्तऱ्याचे ओरखडे जाळीला घासू नयेत म्हणून. ती आधी चढवली. टोप चिकटवायच्या गमचा ब्रश आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितलात. मग टोप बसवण्याआधी तुमचा तळवा क्षणभर माझ्या डोक्यावर राहिला. तो आशीर्वाद होता की माप घेत होतात, देव जाणे. (हो, मीच लिहिलंय हे. अण्णा असते तर पेन्शन सुरू झालं का म्हणून विचारलं असतं.)

प्रयोग झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लोक नेहमीच्या जागी हसले. दुसऱ्या अंकात नायिका माझ्या केसांतून हात फिरवते, तिथे तिनं हात खांद्यावर ठेवला आणि वाक्य घेतलं, कोणाला कळलंही नाही. निर्माते नंतर म्हणाले, ‘बघ, झालं की नाही?’ झालं. त्यांच्यामुळे नाही.

या काळात मला राहून राहून पुन्हा डॉक्टर लागूच आठवत होते. त्यांचा तरुण मुलगा गेला तेव्हा या माणसानं देवाकडे तक्रार केली नाही आणि देवाचा आधारही घेतला नाही. मुलाच्या नावानं तन्वीर सन्मान सुरू केला, रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्यांसाठी. त्याच्या जोडीच्या पुरस्काराचं नाव ‘नाट्यधर्मी’. नास्तिकाच्या घरच्या पुरस्कारात धर्म! पूर्वी मला हे नाव खटकायचं. अण्णांचा पांडुरंग आणि डॉक्टरांचा नकार, या दोन्हींच्या मधे कुठेतरी माझी जागा असावी असं मला बरीच वर्षं वाटत होतं, पण ती सापडत नव्हती. तुम्ही रोज पेटी उघडण्याआधी तिच्यावर बोटं टेकवता आणि ती छातीला लावता, ते मी अकरा वर्षं बघत आलोय. त्यात देव किती आणि सवय किती, मला सांगता यायचं नाही. पण पेटीला जसा हात लावता तसाच माणसाला लावता, हे त्या रात्री कळलं. साधी माणुसकी म्हणतात ती हीच असावी. जाहीर बोलणाऱ्यांत ती सापडत नाही, कोपऱ्यात पफ झटकत बसलेली असते.

आणि मी? तुम्ही मूळचे कुठले, घरी कोण असतं, यातलं काही मी तुम्हाला कधी विचारलं नाही. खुर्चीतून उठलो की ‘चला काका’ म्हणायचं आणि विंगेत पळायचं. ज्यांच्यावर वर दात काढले, त्यांच्या रांगेत मीही बसतो हे ठाऊक आहे मला.

त्यानंतरचे सगळे प्रयोग मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बाकीच्यांना वाटलं, टोप लावताना तशीच पद्धत असेल. तुम्हीही कोणाला काही सांगितलं नाहीत. केस वाढत गेले, टोप पेटीत गेला, तरी खुर्ची उलटीच. परवा आलो तर खुर्ची आरशाकडे वळवलेली. तुम्ही ब्रश धूत होतात, बघितलंतही नाही. मी बसलो, वर बघितलं. कानशिलांवर चार केस पांढरे आलेत, अण्णांसारखे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही पॅनकेक लावायला घेतलात आणि म्हणालात, ‘हलू नकोस.’

मलमलीची टोपी धुऊन, घडी घालून ठेवली आहे. रविवारी आणतो. पहिल्या घंटेच्या दोन तास आधी येईन, तुम्ही पेटी उघडायच्या आत.

तुमचा,
तिसऱ्या आरशासमोरचा