बस्त्याच्या यादीत एक इंजेक्शन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाची लग्नसराईची पुरवणी वाचली. बस्ता कुठे बांधावा, कार्यालय किती महिने आधी धरावं, नवरीनं चेहऱ्याला काय लावावं, सगळं आलंय. त्या यादीत एक भर घालायची म्हणून हे पत्र, लग्नाआधी घ्यायच्या रुबेलाच्या लसीची. रुबेला म्हणजे गोवरासारखंच पुरळ आणणारा आजार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, गाव केज तालुक्यातलं.

27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराला ती द्यायची होती. आमच्या शाळेतही पथक आलं. 'या सुईनं पोरांना पुढं मूलबाळ होत नाही' असलं काहीबाही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं, म्हणून आईबाप पोरं घरीच ठेवायचे. मी दारोदार फिरून त्यांना बाहेर काढलं, रडणाऱ्यांचे दंड धरले. माझी धाकटी तेव्हा सतरा वर्षांची, बारावीला. तिचं वय बसत नव्हतं. खरं सांगते, त्याचं मला काही वाटलंही नाही. नवव्या महिन्यात तिला गोवराची लस दिलेली होती, कार्ड मी ट्रंकेत जपलेलं. त्या लसीत रुबेला नव्हता, हे कळायला मला 2024 साल उजाडलं.

2023 च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कोजागरीच्या सुमारास दिवस गेल्याचं कळलं. शेजारचं सहा वर्षांचं एक पोर दिवसभर तिच्या मागंमागं असायचं. त्याच्या अंगावर बारीक लाल पुरळ आलेलं. त्याचे आईबाप दरवर्षी उसाला जाणारे. मोहीम आली तेव्हा ते लेकराला घेऊन कारखान्यावर कोपीत होते, तिथं जी लस राहिली ती राहिलीच. दिवाळी झाली आणि हिच्याही तोंडावर तसंच पुरळ उठलं, मग अंगभर. कानामागं गाठी आल्या, बोटांचे सांधे दुखले. ताप म्हणावा तर अंग नुसतं कोमट. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून लावायला गुलाबी औषध दिलं, सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलंसुद्धा. त्या पोराकडूनच आलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. रुबेला झालेल्या कितीतरी जणांच्या अंगावर काहीच उठत नाही आणि ते खुशाल चारचौघांत वावरतात.

जूनमध्ये नातू झाला, दोन किलोलाही कमी. एक दिवस न्हाऊ घालून त्याला दारातल्या उजेडात धरलं, तर डोळ्याची बाहुली पांढुरकी, दुधाचा थेंब पडावा तशी. लातूर गाठलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हृदयाजवळची जी नळी जन्मल्यावर आपोआप मिटते, ती उघडीच. पुढं कान तपासले, तेही गेलेले. बाळाचं रक्त तपासल्यावर रुबेलाचं नाव निघालं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर याच्या लाळेतून हा विषाणू बाहेर पडू शकतो, घरात दुसरी कुणी गरोदर बाई असेल तर तिला जवळ येऊ देऊ नका.

पाहुण्यारावळ्यांनी मात्र रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. 28 ऑक्टोबर 2023 ला, कोजागरीच्याच रात्री, चंद्रग्रहण होतं आणि हिनं म्हणे त्या वेळी भाजी चिरली. हे बोलणाऱ्यांपैकी दोघी माझ्याच वर्गात शिकलेल्या. ग्रहण कसं लागतं ते मीच त्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांची गोष्ट सांगितली. 1941 साली त्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं एकापाठोपाठ एक येऊ लागली. त्यांनी आयांना खोदून विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीला हेच तीन दिवसांचं पुरळ येऊन गेलेलं. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर शंभरातल्या नव्वद बाळांपर्यंत त्याची झळ पोचू शकते. पुरळ उठल्यावर बाळाला वाचवील असं औषध नाही. लस आहे, ती आधी घ्यायची.

आता हिशेब करा. मोहिमेच्या वेळी पंधरा पूर्ण झालेल्या मुली म्हणजे 2003 च्या नोव्हेंबरच्या आधी जन्मलेल्या. खासगी दवाखान्यात लस घेतलेल्या काही सोडल्या, तर त्या सगळ्या राहिल्या. आज सोयरिकी जुळताहेत, डोहाळजेवणं होताहेत ती त्यांचीच. पत्रिका जुळवताना जन्मसाल बघताच, तेव्हा हेही बघा. इंजेक्शन घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात आणि गरोदर बाईला ते देत नाहीत, म्हणून हळदीच्या महिनाभर आधी उरकलेलं बरं. ज्यांचं राहून गेलं त्यांना बाळंतपणानंतर घेता येतं, अंगावर पाजत असल्या तरी चालतं. सरकारनं कॉलेजातल्या मुलींसाठी आणि बाळंतिणीला घरी सोडताना ही सोय करावी, एवढी माझी मागणी आपण छापावी.

नातू आता चालतो. जाड भिंगाचा चष्मा डोक्यामागं इलॅस्टिकनं बांधलेला. कुकरची शिट्टी झाली तरी वळत नाही, पण मिक्सर लावला की धावत येतो आणि ओट्याला तळवा टेकवून हसतो.

माझ्या पुतणीचं लग्न वैशाखात आहे, तिचा जन्म 2002 चा. मागच्या आठवड्यात बस्त्याला अंबाजोगाईला गेलो, तेव्हा आधी तिला दवाखान्यात नेलं. लसीची चिठ्ठी वाचून सिस्टरनं आमच्या दोघींकडं पाहिलं, मागं दाराकडं पाहिलं आणि विचारलं, "बाळ कुठंय?"

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव छापू नये)
ता. केज, जि. बीड