एक कान तुझा, एक माझा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० एप्रिलचा जागतिक जॅझ दिन लक्षात ठेवून तुम्ही पुरवणीत पाव पान दिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, आमच्याकडे हा दिवस येतो आणि जातो, कुणाला पत्ता नसतो. पण लेख वाचून जी चिडचिड झाली ती चार दिवस झाले तरी जाईना म्हणून हे लिहायला बसलोय. मोबाइलवर टाइप करतोय तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या.

लेखात काय होतं? न्यू ऑर्लिन्स, लुई आर्मस्ट्राँग, मग ताजमहाल हॉटेलात वाजवणारे गोवेकर, मग सी. रामचंद्रांच्या गाण्यातला चिक चॉकलेटचा ट्रम्पेट, आणि शेवटी संध्याकाळी कॉफीचा मग हातात घेऊन ऐकावं असं हे संगीत, वगैरे. यातलं खोटं काहीच नाही, चिक चॉकलेटवर तर माझा स्वतःचा जीव आहे. पण मध्येच एक वाक्य होतं की साठच्या दशकात काही वादकांनी जॅझ दुर्बोध करून टाकलं, आणि तिथे सगळा विषय आटोपला. म्हणजे अब्दुल करीम खांसाहेबांपर्यंत यायचं, पुढे कुमार गंधर्व नावाचं कुणी होऊन गेलं याचा पत्ताच नाही असं दाखवायचं आणि वर हिंदुस्थानी संगीताचा परिचय म्हणून छापायचं. मला भांडायचंय ते त्या ‘दुर्बोध’शी.

खरं सांगतो, मलाही पहिल्यांदा काही कळलं नव्हतं. ८०च्या दशकात कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंगभवनला ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाला गेलो होतो, तेसुद्धा मित्राकडे एक पास जास्तीचा होता म्हणून. निरंजन झवेरींनी १९७८ला ही यात्रा सुरू केली आणि पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्ससारखा अमेरिकन सॅक्सोफोनवादक मुंबईत वाजवून गेला, पण हे सगळं मला फार नंतर कळलं. मी गेलो त्या रात्री अर्धं आवडलं, अर्धं डोक्यावरून गेलं आणि शेवटच्या कर्जत लोकलच्या टेन्शनमध्ये मी आधीच उठलो. पुढे हॉस्पिटलं जवळ आहेत म्हणून तिथे सायलेन्स झोन आला आणि रंगभवन बंदच पडलं, तो वेगळा विषय.

कान उघडले ते बँकेत. आमच्या सेक्शनला एक गोवेकर सिनियर होते, गिरगावात वाडीत राहायचे, शनिवार-रविवार लग्नांत सॅक्सोफोन वाजवायचे, आम्ही सगळे त्यांना अंकलच म्हणायचो. मी त्यांच्याकडे एक कॅसेट मागितली तर देईनात. म्हणाले, “एकटो आयकूं नाका रे, पळून जाशील. घरी ये.” गेलो. त्यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचं ‘लोनली वुमन’ लावलं, १९५९चं, पाचेक मिनिटांचं असेल. संपल्यावर काही न बोलता कॅसेट रिवाइंड केली आणि म्हणाले, आता फक्त ड्रम्सकडे बघ. मग कळलं, ड्रम्स धावतायत, अगदी अंगात आल्यासारखे, आणि वर सॅक्स आणि कॉर्नेट (ट्रम्पेटचाच धाकटा भाऊ) मात्र रेंगाळतायत, कुठे जायची घाईच नाही त्यांना. म्हणजे खाली द्रुत आणि वर विलंबित, एकाच वेळी. आणि दोघांची भांडणं नाहीत.

वर त्या बँडमध्ये पियानोच नाही. पियानो असला की तो वाजवणाऱ्याला सारखा सांगत असतो, आता हा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आला, आता इकडे वळ, आता तिकडे. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या मागोमाग यायचं सोडून पुढे पळायला लागला तर गवई काय करतो? हात करून थांबवतो. ऑर्नेटने त्याला कायमचा थांबवला, बस एवढंच. मग वाजवणारा मोकळा झाला पण त्याची जबाबदारी पण वाढली, कारण चुकलं तर झाकायला कुणी नाही. त्याचा सॅक्सोफोनही प्लास्टिकचा होता, पांढरा. लोकांनी त्यावरून पण टिंगल केली म्हणे.

अंकल रिटायर होऊन गोव्याला गेले तेव्हा जाताना मला सहा कॅसेट देऊन गेले. त्यातल्या एकीवर याच ऑर्नेटचं ‘फ्री जॅझ’ होतं, २१ डिसेंबर १९६०ला न्यूयॉर्कमध्ये एका दमात रेकॉर्ड केलेलं, ३७ मिनिटांचं, आठ जण. मी ते घरच्या एका स्पीकरच्या टेपवर पंचवीस वेळा तरी ऐकलं असेन, आवडायचंही, पण कुणी विचारलं का आवडतं तर सांगता यायचं नाही. गर्दीत उभं राहायला आवडतं तसं काहीतरी.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते मोबाइलवर आलं. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये आमच्या ग्रुपात आयटीतला एक पोरगा होता, तिशीचा, हेवी मेटल ऐकणारा. एक दिवस योगायोगाने दोघांना बसायला मिळालं आणि तो म्हणाला, “काका, रोज डोळे मिटून काय ऐकता, स्वामींचं?” मी इअरफोनचा एक कान त्याला दिला, एक मला ठेवला आणि ‘फ्री जॅझ’ लावलं. दोन-तीन मिनिटांत त्याने मला कोपर मारलं.

“काका, हे काय वाद्य आहे? म्हैस रेकल्यासारखं?”

म्हैस म्हणजे एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, हे मला लगेच कळलं. पण मला म्हैस ऐकूच येत नव्हती! मला वाटलं आपला इअरफोन गेला. मी म्हणालो, म्हैस सोड, हा खाली ऑर्नेट बघ कसा मध्ये मध्ये बोलतोय. तो म्हणाला, कोण ऑर्नेट? मग डोक्यात प्रकाश पडला. हे आठ जण म्हणजे दोन चौकड्या आहेत, एक पूर्ण डाव्या स्पीकरवर, एक पूर्ण उजव्यावर. माझ्या डाव्या कानात ऑर्नेट, डॉन चेरी, स्कॉट लाफारो आणि बिली हिगिन्स. त्याच्या उजव्या कानात डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. मी इतकी वर्षं एका स्पीकरवर आठ जणांची खिचडी खात होतो आणि इथे ताटं दोन होती! एक जण सोलो घेतो तेव्हा समोरच्या ताटातले मागून टोमणे मारतात, दुजोरा देतात, कधी कधी त्याच्या आधी वाक्य पूर्ण करतात. ठाण्याला आम्ही कान बदलले. म्हैस माझ्याकडे आली, ऑर्नेट त्याच्याकडे गेला, आणि कुर्ल्याच्या आसपास संपलं तेव्हा समोर बसलेले गृहस्थ विचारत होते, तुमचं काय चाललंय नक्की.

दुर्बोध म्हणे! त्या पोराने त्याआधी जॅझचा एक सूर ऐकलेला नव्हता. फक्त शेजारी कुणीतरी बसलं होतं आणि विचारायला एक म्हैस होती.

त्यातूनच आमची बैठक सुरू झाली, दर महिन्याचा दुसरा शनिवार, डोंबिवलीत एकाच्या हॉलमध्ये. कधी चार जण, कधी नऊ. एक रिटायर्ड मोटरमन आहेत, एक डेंटिस्ट, एक कॉलेजातली मुलगी, आणि ज्यांचं घर त्यांच्या आई, वय ७८, ज्या मुळात आतल्या खोलीत सिरियल बघायला असतात. सुरुवातीला मी घोळ घातला. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘असेन्शन’ लावलं, १९६५चं, अकरा वादक, चाळीसेक मिनिटं, आणि व्हॉल्यूम पण मोठा. पुढच्या महिन्यात तिघं आलीच नाहीत. चूक माझी होती, नवीन माणसाला पहिल्या दिवशी कुणी नदीत ढकलत नाही. आता नियम केलाय, एका बैठकीत तीनच पीस, दहा मिनिटांच्या आतले, प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा आणणाऱ्याने नावसुद्धा सांगायचं नाही, मध्ये पोहे यायचे नाहीत (हा नियम मोटरमनसाहेब मोडतात), आणि दुसऱ्यांदा लावताना एकच गोष्ट सांगायची की कान कुठे ठेवा. लिंक फॉरवर्ड करून ‘मस्ट लिसन’ लिहिणं बंद. स्वतः न ऐकता पाठवलेलं लगेच ओळखू येतं.

तरीपण कोल्ट्रेन परत आणलाच, पण या वेळी १९६१च्या नोव्हेंबरमधलं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातलं रेकॉर्डिंग, नाव ‘इंडिया’. हे दहा मिनिटांच्या वर जातं पण नियम माझाच, मीच मोडला. दोन बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं) घेतलेत, तानपुऱ्यासारखा एक षड्ज धरून ठेवायला, आणि वर डॉल्फी परत तीच म्हैस घेऊन हजर. डेंटिस्टबाई गाणं शिकतात, त्या पहिल्या मिनिटालाच म्हणाल्या, अहो हा तर आलापात शिरतोय. कोल्ट्रेनने पुढे मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, तो रवीही आज मोठा सॅक्सोफोनवादक आहे. आणि गंमत बघा, १९६१च्या त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्याच जॅझच्या मासिकात एका समीक्षकाने कोल्ट्रेन आणि डॉल्फी जे वाजवतायत त्याला ‘अँटी-जॅझ’ म्हटलं होतं. तेव्हा तुमच्या लेखकाला फार दोष देत नाही, परंपरा जुनी आहे.

पण आमच्या बैठकीचा सगळ्यात भारी दिवस म्हणजे आजींचा. कॉलेजातल्या मुलीने एक पीस लावला, नाव नेहमीप्रमाणे झाकलेलं. ड्रम्स सुरू झाले, मग बाईचा आवाज आला, आणि आतल्या खोलीतला टीव्ही म्यूट झाला. आजी दारात. “ही शोभा गुर्टू ना रे?” होती! त्रिलोक गुर्टूंचा ‘उसफ्रेट’ अल्बम, १९८८ला जर्मनीत निघालेला. आम्ही सगळे त्रिलोकना गिटारवाल्या जॉन मॅकलॉफलिनबरोबर वाजवणारे म्हणून ओळखणारे, पण ठुमरीच्या शोभाताईंचा हा मुलगा, आणि त्याने आईला थेट या धुमश्चक्रीत आणून बसवलं हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीतच नव्हतं. आजी खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांना आम्ही त्रिलोकचा व्हिडिओ दाखवला, तो झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि आवाज वाकत वाकत खाली जातो, तर म्हणाल्या, आमच्या मोरीत पितळेचं घंगाळ होतं, त्यात तांब्या बुडवला की अस्साच आवाज यायचा. आणि त्या अल्बममध्ये ट्रम्पेट कुणाचा? डॉन चेरी. तोच, ‘लोनली वुमन’मधला, माझ्या डाव्या कानातला. मला एकदम अंकलची गिरगावातली खोली आठवली.

त्याच मुलीने पुढच्या महिन्यात अजून एक बॉम्ब टाकला. १९७१ला ऑर्नेटने ‘सायन्स फिक्शन’ अल्बम रेकॉर्ड केला, त्यात दोन गाणी आहेत आणि दोन्ही गायलीत आशा पुथलींनी. मुंबईच्या. हिंदुस्थानी शास्त्रीय शिकलेल्या. मागे सगळे हवे तसे सुटलेत आणि ही बाई मधोमध शांतपणे आपली ओळ धरून चाललीय, एकदा ऐकाच. मी आयुष्यभर मुंबईला अप-डाऊन केलं, जॅझ ऐकतो म्हणून मिरवलो, आणि हे मला बावीस वर्षांच्या पोरीने सांगितलं. आता मला सांगा, मुंबई आणि जॅझ यावर मराठी पेपरात पाव पान लिहायचं आणि त्यात हे नाव नाही? शोभाताईंचं नाही? दर वेळी ताजच्या बॉलरूममध्ये जाऊन परत यायचं?

म्हणून विनंती एवढीच की पुरवणीत शब्दकोड्याच्या खाली जी जागा असते तेवढी आठवड्याला एकदा द्या. एक पीस, किती मिनिटांचा, आणि कान कुठे ठेवायचे ते दोन ओळींत. इतिहास नको, चरित्र नको, कॉफीचा मग तर अजिबात नको. लिहायला माणसं मिळतील, मोटरमनसाहेबांनी तर आत्ताच विषय काढून ठेवलाय. सन रा या अवलियाच्या बँडमधला मार्शल ॲलन, जन्म १९२४, शंभरी पार करून अजून सॅक्सोफोन फुंकतोय आणि स्वतःच्या नावाचा पहिला सोलो अल्बम त्याने २०२५मध्ये काढला. साहेब म्हणतात, रिटायर होऊन घरी बसलेल्या प्रत्येकाला हा कंपल्सरी करा.

लोकलमधला तो पोरगा आता पुण्याला असतो, पण या शनिवारी येतोय. ‘फ्री जॅझ’च लावायचंय, ३७ मिनिटं पूर्ण, नियम गेला खड्ड्यात. डावा स्पीकर हॉलमध्ये, उजवा वायर ओढून स्वयंपाकघरात, निम्मे इकडे निम्मे तिकडे बसायचं आणि मध्यावर जागा बदलायच्या. आजींनी स्वयंपाकघराची बाजू आधीच अडवून ठेवलीय, म्हैस तिकडे आहे म्हणून.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)